हिराजीदादा चुकायचे तेव्हा

भिवंडीच्या मंडईमागच्या गल्लीत हिराजीदादांचा फोटो स्टुडिओ होता. तिथून फोटो काढून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाचं एकच मत असायचं: फोटो झकास काढतो, पण माणूस मठ्ठ आहे.

लोकांचा तरी काय दोष? आमच्या शाळेचे हेडमास्तर निवृत्त होणार म्हणून त्यांचा मोठा फोटो हवा होता. सर कोट चढवून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले. चेहरा असा, जणू समोरून वर्गात साप येतोय आणि मुलांना ते कळू द्यायचं नाही. हिराजीदादांनी दिवे इकडेतिकडे सरकवले, कॅमेऱ्यात पाहिलं आणि सहज विचारलं, "सर, तुमी ड्रॉइंग शिकवायचात ना?"

सरांनी सगळं आयुष्य संस्कृत शिकवण्यात घालवलं होतं. त्यांची मान ताठ झाली, भुवया वर गेल्या, गुडघ्यावरचा हात हवेत आला. "ड्रॉइंग? अहो, संस्कृत! संस्कृत!"

"तेच ते."

"तेच ते काय? कुठे ड्रॉइंग, कुठे संस्कृत!"

"झाला फोटो," दादा म्हणाले.

तो फोटो शाळेच्या हॉलमध्ये पुढे कित्येक वर्षं होता. सर त्यात असे दिसतात की आत्ता फ्रेममधून खाली उतरून आपल्याला शहाणं करतील. डोळ्यांत तेज, ओठांवर किंचित दयाळू हसू. सरांना सगळ्या आयुष्यात इतकं विद्वान दिसता आलं नव्हतं. आणि हिराजीदादा? ते स्वतः याच सरांच्या वर्गात बसलेले होते आणि संस्कृतात नापास झालेले होते. विसरायची सोयच नव्हती.

ही गोष्ट मला ठाऊक होती, कारण आमचं घर स्टुडिओच्या अगदी समोर आणि दादांच्या बायकोशी, सगुणावहिनींशी, माझी गट्टी. मी तेव्हा कॉलेजात होते. वहिनी आतल्या दाराशी स्टुलावर बसून फोटोंच्या नागमोडी कडा कापायच्या आणि मी शेजारी बसून गावभरच्या बातम्या द्यायचे. हेडमास्तर फोटो काढून गेल्यावर मी दादांना पकडलंच. "दादा, तुम्ही मुद्दाम केलंत!"

दादांनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोरी, मानसाला हस म्हटलं का तो दात दाखवतो. नीट बस म्हटलं का मेल्यावानी बसतो. पन त्याला एकदा वाटूंदे का समोरचा गाढव हाय, मंग बघ कसा फुलतो! दुसऱ्याची चूक काढताना मानूस जेवढा देखना दिसतो ना, तेवढा लग्नात पन दिसत न्हाय."

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. "हे सांगू नको हां कोनाला," त्या मला म्हणाल्या. "धंदा बसंल."

मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या स्वभावाचा विचार करता हा माझा मोठाच त्याग होता.

मग मात्र मी रोजचं नाटक पाहायला पहिल्या रांगेत. दादा खाडीकाठच्या कोन गावचे, आगरी शेतकऱ्याचे पोर, भाताच्या शेतात वाढलेले. पण गावाकडचा एखादा म्हातारा फोटोला आला की विचारणार, "काय रे बाबा, दिवाली झाली का भात लावाया घेनार ना यंदा?" म्हातारा आधी कानावर हात ठेवून पुन्हा विचारून घेणार आणि मग बोळक्या तोंडाने असा हसणार की बास. "दिवालीला लावतंय भात! आरं, तवा कापाया घेतात!" फोटो झाला.

कापडाच्या लूमवर काम करणारे उत्तरेकडचे लोक सुट्टीच्या दिवशी धुतलेला शर्ट घालून यायचे. गावी बायकोला, आईला फोटो पाठवायचा असायचा. हे लोक कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की हाताचं काय करायचं, हा मोठा प्रश्न. बारा-बारा तास ज्या हातांना क्षणाची उसंत नाही ते दोन हात स्टुडिओत आल्याबरोबर जणू दुसऱ्या कुणाचे तरी सांभाळायला घेतल्यासारखे लोंबायचे. दादा त्यांच्याशी आपल्या खास हिंदीत बोलायचे. "भैया, वो लूम में ताना आडा रहता है ना? और बाना खडा?"

"अरे नहीं दादा! उल्टा! ताना ये..." की निघालेच हात. एक हात उभा धागा दाखवतोय, दुसरा हात त्यातून आडवा जातोय, चेहऱ्यावर उस्ताद माणसाचा आनंद. फोटो झाला. तिकडे कुठल्या तरी गावात ती आई तो फोटो पाहून शेजारणीला सांगत असेल, पोरगा शहरात मोठा साहेब झालाय, लोकांना शिकवतो.

फोटो झाला, असं दादांनी म्हटलं की गिऱ्हाईक दचकायचं. "अहो, मी तयार नव्हतो!" दादांचं उत्तर ठरलेलं: "म्हनून तर झाला."

एकदाच डाव अंगाशी आला. नवे फौजदार आले होते, त्यांना दादा 'हवालदारसाहेब' म्हणाले. फोटो इतका करारी आला की विचारू नका. पण तो घ्यायला फौजदार आले नाहीत. त्यांनी दादांनाच तो घेऊन चौकीवर यायला सांगितलं आणि तिथे बाकावर बसवून गणवेशावरचे तारे कसे मोजायचे हे नीट समजावलं. दादा परत आले ते खुशीत. "कॅमेरा न्यायला पायजे होता गो. समजावताना तर आनखी छान दिसत होते."

अशाने गावात नाव काय होणार? 'हिराजीला काय कळतं' हे वाक्य आमच्याकडे स्वल्पविरामासारखं वापरलं जायचं. लोक जाता-येता स्टुडिओत डोकावून त्यांना फुकट ज्ञान देऊन जायचे. दादा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि माणूस गेला की आतल्या दाराकडे वळून नुसते डोळे मिचकावायचे. तिथे वहिनी हसून लाल झालेल्या असायच्या. सगळ्या भिवंडीत हिराजीदादा हुशार आहेत हे फक्त त्यांनाच माहीत होतं. आणि थोडंसं मला.

मग एका पावसाळ्यात वहिनींना कावीळ झाली. दादा त्यांना कल्याणला घेऊन गेले ते एकटेच परत आले. मूलबाळ नव्हतं. महिन्याभराने स्टुडिओ उघडला. दादा पुन्हा चुकायला लागले, फोटो पुन्हा झकास यायला लागले. गिऱ्हाईकांना काहीच फरक कळला नाही.

आता माझ्या ताईकडे येते, कारण हिराजीदादांची खरी परीक्षा तिने घेतली.

त्यासाठी आमच्या गावाची एक खोड सांगायला हवी. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता. दिवसरात्र खटाखट. अशा घरात कानांचा उपयोग फक्त कानातलं घालायला. आम्ही बोलणं ओठांवरून वाचायचो. आई स्वयंपाकघरातून आवाज न काढता विचारायची, 'चहा टाकू?' आणि बाबा ओटीवरून ओठ हलवायचे, 'अर्धा.' पाहुण्यांना वाटायचं, या घरात अबोला आहे. वीज गेली की सगळं शांत व्हायचं आणि आम्ही एकमेकांकडे ओशाळून बघायचो, कारण आता आवाज काढून बोलावं लागणार.

यात ताई सगळ्यांत तरबेज. रस्त्यापलीकडच्या दोन बायकांचं भांडण ती मला शब्दन् शब्द सांगायची. पण याच विद्येने तिचा घात केला. तिला बघायला पाहुणे यायचे. ताई शाळेत शिक्षिका, शांत, सावळी. ती पोह्यांच्या बशा ठेवून समोर बसायची. मुलाची आई खोलीच्या त्या टोकाला बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे वळून, आवाज न काढता, ओठांच्या ओठांत म्हणायची, 'रंग बघितलात?' किंवा 'वय लपवलंय.' त्यांना वाटायचं कुणाला कळलं नाही. ताई खाली बघायची. पाहुणे 'कळवतो' म्हणून जायचे, आईबाबा आठवडाभर पोस्टमनची वाट बघायचे. ताईला उत्तर बशी उचलतानाच मिळालेलं असायचं.

असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. तिने एकदा आईला सांगून टाकलं: "आता आधी फोटो पाठव. नाही म्हणायचं ते फोटोला म्हणू देत. मला समोर बसून ते बघायचं नाही. आणि हा फोटो शेवटचा. यानंतर मी कुठे बसणार नाही."

डोंबिवलीचं एक स्थळ होतं. मुलगा सरकारी कचेरीत नोकरीला, वडील नव्हते, आई आणि तो. आमच्या मावशीची त्यांच्याकडे ये-जा. ती गुरुवारी जाणार होती. तोवर फोटो हवा.

आई, ताई आणि मी स्टुडिओत गेलो. ताई स्टुलावर बसली आणि तिचा चेहरा मिटला. दादांनी तिचा खांदा जरा तिरका करायला सांगितला, हनुवटी खाली, हात मांडीवर एकावर एक. ती सगळं करत होती, पण जणू कुणी सामान हलवतंय. दादांनी हत्यार काढलं.

"बाई, तुमी पोस्टात ना कामाला?"

"हो," ताई म्हणाली.

मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे.

दादा जरा थबकले. "मी गेलो होतो वज्रेश्वरीला, गनेशपुरीला. तिथल्या कुंडातलं पानी काय गार असतं ना! हुडहुडी भरते."

"असेल," ताई म्हणाली.

आता ठाणे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की ती ऊन पाण्याची कुंडं आहेत. मला राहवलं नाही. "गरम असतं हो ते पाणी! गरम!"

"तुझा फोटो न्हाय काढायचा गो!" दादा ओरडले.

त्यांनी सूर्य पूर्वेला, कल्याणकडे मावळवला. ताई म्हणाली, "हं." त्यांनी कोन गाव खाडीत बुडवलं, ताईने दुःख व्यक्त केलं. मुद्दा असा की ताई कधीच कोणाची चूक काढायची नाही. समोरचा ओशाळेल म्हणून ती पोस्टातसुद्धा नोकरी करायला तयार होती. दादांनी घाम पुसला आणि एक फोटो काढला, पण 'झाला' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी फोटो आणायला गेले तर म्हणाले, "मी देनार न्हाय."

"अहो दादा, मावशी उद्या जाणार!"

"बघ." त्यांनी फोटो दाखवला. ताई त्यात एखाद्या निकालाची वाट बघत असलेली, आणि निकाल आधीच ठाऊक असलेली. "ही तुझी बहीन हाय? सगल्या चुका गिलते ही पोर. एक परत देत न्हाय. तिला घेऊन ये. आजच्या आज."

ताई यायला तयार नव्हती. "जसा आहे तसा पाठवा. नाही म्हणतील, सुटेन." मी तिला अक्षरशः हाताला धरून नेलं. आई मागे.

या वेळी दादांनी दिवे आधीच लावून ठेवले होते. भर दुपार होती. ते आईला नि मला म्हणाले, "तुमी दोघी भाईर बसा." आई कुरकुरली, पण दादांचा चेहरा पाहून तीही बाहेर आली. आम्ही पायरीवर बसलो. दार लोटलेलं. आतून काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, चारी बाजूंनी लूम चालू. बराच वेळ गेला. आई पदराने वारा घेत होती आणि मधून मधून म्हणत होती, "या माणसाला काय कळतं!"

ताई बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत काहीतरी होतं. आई उठून उभी राहिली. "काय गं? काय म्हणाला तो?"

"काही नाही," ताई म्हणाली. "झाला फोटो."

फोटो संध्याकाळी मिळाला. आईने तो बघितला आणि कपाळाला हात लावला. "ही काय स्थळाच्या फोटोतली नजर आहे? समोर बघतसुद्धा नाहीये!"

खरंच बघत नव्हती. ताईची नजर कॅमेऱ्याच्या जरा खाली होती. मान एका बाजूला कललेली, भुवया किंचित जवळ आलेल्या, ओठ जरासे विलग, आणि मांडीवरचा एक हात नकळत वर उचललेला, कुणाला तरी 'थांबा, सांगते' म्हणावं तसा. मी तिच्यासोबत एका खोलीत वाढले होते. तो चेहरा मला माहीत होता. रात्री दिवा घालवायच्या आधी मी तिला माझी रडगाणी सांगायचे तेव्हा ती माझ्याकडे अशीच बघायची. पण तो चेहरा घराबाहेर कधी कुणी पाहिला नव्हता.

दुसरा फोटो काढायला वेळ नव्हता. मावशी हाच घेऊन गेली.

पुढच्या रविवारी डोंबिवलीचे मायलेक आले. ताई बशा घेऊन बाहेर आली, बसली, आणि तिची नजर सवयीने मुलाच्या आईच्या ओठांकडे गेली. त्या माऊलीचे ओठ पोहे खाण्यात गुंतलेले होते. मुलाने मात्र आवाज चढवून, कारण लूमपुढे त्याला दुसरा इलाज नव्हता, सगळ्यांदेखत विचारलं, "फोटोत तुम्ही कोणाकडे बघत होता?"

"एका बाईंकडे," ताई म्हणाली.

"मला वाटलंच कोणीतरी आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे इतकं लक्ष देऊन कोणी बघत नाही."

"मी बघते की," त्याची आई पोहे खाता खाता म्हणाली.

मे महिन्यात लग्न झालं. आमचे भाऊजी अजूनही तो फोटो पाकिटात ठेवतात, आणि ताईने त्यांचं म्हणणं ऐकलं नाही की काढून तिच्यासमोर धरतात.

पुढे रंगीत फोटोंच्या लॅब आल्या. समोरचा माणूस 'रेडी?' म्हणायचा, लख्ख उजेड पडायचा आणि सगळी भिवंडी एकसारखी दचकलेली दिसायला लागली. हिराजीदादांनी स्टुडिओ बंद केला आणि ते कोनला भावाकडे राहायला गेले. तिथेही, ऐकून आहे, पुतण्यांकडून भातशेती नव्याने शिकून घेत होते. ते वारल्याचं मला उशिरा कळलं.

कळलं त्या दिवशी मी ताईकडेच होते. बोलता बोलता मी म्हटलं, "काय नट होता गं माणूस! तुझ्या फोटोला त्याने नक्की कोणती थाप मारली होती? तेवढं तू कधी सांगितलं नाहीस."

ताई भाजी निवडत होती. "थाप नव्हती ती."

मग तिने सांगितलं. त्या दुपारी दादांनी तिला स्टुलावर बसवलं नि नेहमीसारखं काही विचारलं नाही. खिशातून एक फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या स्टँडवर, भिंगाच्या खाली, टाचणीने लावला. सगुणावहिनींचा. वहिनी आतल्या दारात उभ्या, काहीतरी बोलत असताना काढलेला. दादा म्हणाले, "तुझी बहीन सांगते का तुला व्होटांवरचं वाचता येतं. मी हा फोटो काढला तवा फोकस लावत होतो, माझं ध्यान न्हवतं. ती काय बोलली मला ऐकूच आलं न्हाय. लूम चालू होती. आता रोज बघतो, पन समजत न्हाय. तू बघ जरा."

"म्हणजे थापच की!" मी म्हटलं. "सगळ्यांत भारी थाप! तुला बघायला लावलं आणि दाबलं बटण."

"बटण दाबलं," ताई म्हणाली. "पण नंतर ते जागचे हलले नाहीत. फोटो झाला, असंही म्हणाले नाहीत. तिथेच उभे. मी काय सांगते त्याची वाट बघत."

"मग? काय सांगितलंस?"

"जेवून घ्या, असं म्हणतायत, म्हणून सांगितलं."

"तुला दिसलं ते?"

"छे गं." ताईने एक देठ मोडला. "तोंड अर्धंच उघडलेलं, पदर मध्ये आलेला. त्यात काय दिसणार? पण त्या ओले हात पुसत होत्या. दुपारची वेळ वाटत होती, दाराच्या उंबऱ्यावर ऊन होतं. हात पुसत दारात आलेली बाई आणखी काय म्हणेल?"

मीही भाजीची एक जुडी पुढ्यात ओढली. 

"आणि ते काय म्हणाले?"

"पुढे येऊन त्यांनी फोटो वाकून बघितला. मग म्हणाले, 'म्हंजे मी तिला थांब म्हटलं असंल. हालू नको, फोटो बिघडंल, असं. आन् मंग दुसरा काडला असंल, तिसरा काडला असंल. माझ्यासाठी थांबून गार जेवली असंल ती.'"

ताईने निवडलेली भाजी पुढे सरकवली.

"मग त्यांनी तो फोटो काढून खिशात ठेवला, एकेक दिवा बंद केला आणि मला म्हणाले, 'जा गो बाय, लवकर जा. तुझी आई कवाची पायरीवर बसलीय, ऊन आलं असंल तिच्या अंगावर.'"